ब्रेकमॅडमचे सोळा आठवडे

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे ब्रेकमॅडम म्हणत, आणि तोंडावर म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते वेगळं होतं, पण तेही तिला ठाऊक होतं. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तिचा पाय अठरा वर्षं त्या ब्रेकवर होता. एवढ्या वर्षांत तिच्या गाडीला एक ओरखडा गेला नव्हता. शिकणाऱ्यांना मात्र रोज जात होता. "आरसा दिलाय तो केस विंचरायला नाही," हे तिचं नेहमीचं वाक्य. एका निवृत्त न्यायाधीशाला तिनं भर चौकात सांगितलं होतं, "निकाल नंतर द्या, आधी गिअर बदला." लोक चिडायचे, आणि पुढच्या आठवड्यात आपल्या मुलीला तिच्याकडेच पाठवायचे.

वय चव्वेचाळीस. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. हा माणूस मऊ बोलणारा, डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू फिरवणारा. बावीस वर्षांच्या संसारात त्यानं आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात. घरात तिसरी व्यक्ती म्हणजे सासूबाई. त्या पूर्वी टपाल खात्यात होत्या आणि नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती. घरात येणारा प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून जायचाच.

एका सकाळी आंघोळ करताना तिच्या बोटांना काहीतरी लागलं. खाली, नको त्या जागी, तांदळाच्या कणीएवढे दोन-तीन उंचवटे. दुखत नव्हते. दिवसभर सीटवर बसून काहीतरी उठलं असेल म्हणून तिनं सोडून दिलं. महिन्याभरात दोनाचे सात झाले आणि त्यांतल्या एकाला फुलकोबीसारखा तुरा आला, तेव्हा ती घरच्या डॉक्टरांकडे गेली.

वीस वर्षांची ओळख. त्यांनी टेबलापलीकडूनच विचारलं, तपासलं नाही. "घामोळं असणार. पावडर लावा." पावडरीनं काय व्हायचं? ती पुन्हा गेली. या वेळी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खुर्चीत मागे रेलले, आणि म्हणाले, "तुमच्या कामात पुष्कळ लोकांशी संबंध येतो, नाही का?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. "डॉक्टर, मी त्यांना गाडी शिकवते. तुम्हाला जे विचारायचंय ते शिकवणारी शाळा वेगळी असते."

ती उठून आली आणि त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढली नाही.

त्वचारोगाच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होती. तिनं हातमोजे चढवले, दिवा ओढला आणि दोन मिनिटांत सांगितलं, "चामखिळी आहेत. हातापायावर येतात तशाच, पण या गुप्तांगावरच्या. हा व्हायरस शरीरसंबंधातून येतो."

"म्हणजे नवऱ्याकडून."

"कुणाकडूनही, कधीही. अंगात शिरल्यावर तो महिनोन्महिने गप्प बसतो. कधी कधी वर्षानुवर्षं. केव्हा आला आणि कोणी आणला, हे मी सांगू शकत नाही. दुसरं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

"कॅन्सर?"

"बहुतेक वेळा चामखिळींचा व्हायरस वेगळा असतो आणि कॅन्सरचा वेगळा. तरी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून टाकू, तुमच्या वयात करायचीच असते. आता उपाय. गोठवून काढता येतील, त्याला फेऱ्या माराव्या लागतील. नाहीतर हे क्रीम. आठवड्यातून तीनदा, झोपताना, पातळ थर. फक्त बाहेरून, आत नाही. सकाळी साबणानं धुवायचं. जास्तीत जास्त सोळा आठवडे. क्रीम अंगावर असताना संबंध ठेवायचा नाही."

"सोळा आठवडे? इतकं मंद औषध?"

"हे औषध स्वतः व्हायरसला मारत नाही. ते तुमच्या प्रतिकारशक्तीला हलवून जागं करतं. तिच्या नजरेतून हा सुटलेला असतो. एकदा तिला दिसला की ती त्याच्यावर तुटून पडते. तेव्हा कातडी लाल होईल, जळजळ होईल, सालं निघतील. कणकण येईल कदाचित. फारच झालं तर थांबवा आणि मला फोन करा."

"म्हणजे औषध विकत घ्यायचं आणि काम माझं मीच करायचं."

डॉक्टरीणबाई हसली. ब्रेकमॅडम हसली नाही.

"नवऱ्यालाही घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाली. "त्यांनाही बघायला हवं."

संध्याकाळी सासूबाई देवळात गेल्या होत्या. नवरा जेवणाच्या टेबलाशी बसून कुणाच्या तरी चष्म्याची तुटलेली काडी जोडून काच पुसत होता. आडवळणानं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं: चामखिळी, कुठं, कशामुळं, आणि डॉक्टरांनी त्यालाही बोलावलंय.

काच पुसणारं फडकं त्याच्या हातात थांबलं. तिला वाटलं, धक्का बसला असेल.

"मी कशाला येऊ?" तो म्हणाला. आवाज तोच, मऊ. "मला काही झालेलं नाही."

"मग मला कुठून झालं?"

त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. "दिवसभर परक्या पुरुषांच्या शेजारी बसतेस. बंद गाडीत. मी कधी एका शब्दानं विचारलंय तुला?"

बावीस वर्षं जो शब्द विचारला नाही तो त्यानं शांतपणे समोर ठेवला. ती, जिच्या तोंडाचा पट्टा न्यायाधीशापुढे थांबला नव्हता, ती मुकाट्यानं आत गेली आणि दाराला कडी घातली. त्या दिवसापासून तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. सासूबाईंना सांगितलं, पाठ धरलीय, कडक गादी हवी.

क्रीमच्या छोट्या छोट्या पुड्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मोठी अडचण दिसण्याची होती. दोन चामखिळी इतक्या मागे होत्या की मान कितीही वाकवली तरी नजरेच्या टप्प्यात येत नव्हत्या. दुसऱ्या कुणा बाईनं नवऱ्याला हाक मारली असती. तिनं स्कूलच्या कपाटातला गाडीचा एक सुटा आरसा आणला, फरशीवर ठेवला, वर उकिडवी बसली. आयुष्यभर लोकांना आरशात बघून गाडी मागे घ्यायला शिकवलं. आता स्वतःचंच बोट आरशात पाहून उलट्या दिशेला जात होतं. "डावीकडे, मूर्ख बाई, डावीकडे," ती स्वतःवर खेकसली.

दोन आठवडे काहीच झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात आग पेटली.

कातडी लालबुंद झाली, सोलवटली. लघवीला बसलं की डोळ्यांतून पाणी. आणि काम कसलं, तर सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत रेक्झिनच्या तापलेल्या सीटवर बसायचं, तेही क्लच कसा सोडायचा हे माहीत नसलेल्या माणसाच्या शेजारी. त्या महिन्यात तिच्याकडे एक बेकरीवाली बाई शिकत होती. गोड, गोलमटोल आणि घाबरट. ती क्लच असा सोडायची की गाडी बेडकासारखी उडी मारायची. प्रत्येक उडीला ब्रेकमॅडमच्या मस्तकापर्यंत कळ जायची.

पाचव्या उडीला ती ओरडली, "अहो, पाय आहे की हातोडा? पीठ तिंबताय का?"

बेकरीवालीनं गाडी रस्त्याच्या मधोमध बंद केली आणि हमसून रडायला लागली. मागे हॉर्नचा कल्लोळ. कुणीतरी खिडकीतून डोकं काढून दोघींच्या आयांचा उद्धार केला. ब्रेकमॅडम उतरली, त्याच्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाली, "तुला कुणी शिकवलं? मीच शिकवलं असणार. अजून हॉर्नच वाजवतोस." मग ती परत येऊन बसली. बसताना तोंडातून "आई गं" निघालं.

बेकरीवालीनं रडणं थांबवून विचारलं, "मॅडम, मूळव्याध का?"

"हो," ती म्हणाली. मूळव्याध चालते लोकांना. मूळव्याधीला कुणी चारित्र्य विचारत नाही.

पण तक्रार गेलीच. स्कूलच्या मालकानं बोलावून सांगितलं, "तुमचा स्वभाव आम्ही अठरा वर्षं पोटात घातलाय, पण अलीकडे फारच होतंय. रजा घ्या." तिनं रजा घेतली नाही. घरी बसायचं म्हणजे नवऱ्याचा मऊ आवाज ऐकायचा आणि सासूबाईंच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. त्यापेक्षा तापलेलं सीट परवडलं. डॉक्टरीणबाईला फोन करून मात्र तिनं क्रीम आठवडाभर बंद ठेवलं. "चांगलं लक्षण आहे," फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाली. "तुमची प्रतिकारशक्ती भांडखोर दिसतेय."

"ती माझीच आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सातव्या आठवड्यात सासूबाईंना कचऱ्याच्या डब्यात रिकामं खोकं सापडलं. त्यात औषधाबरोबर आलेली घडीची माहितीपत्रिका होती. टपाल खात्यातल्या बाईनं ती सरळ केली, मुलाच्याच दुकानातलं भिंग घेतलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढली. विचारलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सुनेचा टॉवेल वेगळ्या खुंटीवर गेला. तिचे कपडे वेगळ्या बादलीत. आणि स्टीलच्या सहा पेल्यांतला एक पेला फळीच्या टोकाला, बाकीच्यांपासून वीतभर दूर.

"हा कुणाचा?" तिनं विचारलं.

"तुझा," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हातारी बाई. मला काही लागायला नको."

"ते पेल्यानं लागत नाही."

"कशानं लागतं ते वाचलंय मी." सासूबाईंनी भाजी चिरायला घेतली. "माझ्या मुलानं मान खाली घालून सगळं सोसलं. दुसरा असता तर."

नवरा समोरच होता. त्यानं पेपरचं पान उलटलं. तिनं वाट बघितली, अगदी मनापासून बघितली, की हा माणूस आता एक वाक्य बोलेल. त्यानं दुसरं पान उलटलं.

नवव्या आठवड्यात एका दुपारी तिला कणकण वाटली. अंग मोडून आलं होतं. उरलेले दोन तास दुसऱ्या शिक्षकाच्या गळ्यात घालून ती शिकाऊ गाडी घेऊनच घरी आली. सासूबाई शेजारी गेलेल्या. घरात कुणी नसायला हवं होतं, पण न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून कण्हण्याचा आवाज येत होता.

नवरा स्टुलावर बसला होता. दातांत टॉवेल धरलेला, कपाळावर घाम. पॅन्ट घोट्याशी. खोलीभर आंबूस, तिखट वास. पायाशी एक छोटी बाटली आडवी पडून त्यातलं औषध फरशीवर सांडलेलं. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि टॉवेल काढून एवढंच म्हणाला, "पाणी."

तिनं बादली उचलली आणि ओतली. मग दुसरी. मग नळ सोडून पाइप त्याच्या हातात दिला. आणि मग वाकून बाटली उचलली. पायाच्या कुरुपांवर लावायचं औषध. 'नाजूक त्वचेवर वापरू नये' असं ठळक छापलेलं. दुकानदारानं चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारीख होती. तिनं ती दोनदा वाचली. तेरा महिन्यांपूर्वीची.

"तुमच्या पायाला कुरूप नाही," ती म्हणाली.

त्यानं पाइपचं पाणी मांडीवर धरलं.

"तुम्हालाही आहेत. तेरा महिने."

त्यानं मान डोलावली.

ओरडायला तिच्याजवळ बरंच काही होतं. पण समोर एका माणसाची कातडी जळत होती, आणि ती काम अर्धवट सोडणारी बाई नव्हती. सैल लुंगी, त्यावर ओला पंचा, अशा अवतारात तिनं त्याला गाडीत बसवलं. टपावर मोठ्या अक्षरांत 'शिकाऊ' लिहिलेली गाडी. त्या दुपारी तिनं अठरा वर्षांत पहिल्यांदा पिवळा दिवा बघून वेग वाढवला.

"हळू," तो कण्हला.

"गप्प बस तू."

दोघांनाही तो 'तू' ऐकू आला. बावीस वर्षांत ती त्याला अहो-जाहो सोडून बोलली नव्हती. आता तोंडातून निघाला तो निघालाच, आणि तिला तो परत घ्यायचाही नव्हता.

"तुला माहीत होतं. मी समोर उभी राहून सांगितलं, तेव्हा तुला माहीत होतं. आणि तू मला गाडीतल्या परक्या पुरुषांचं विचारलंस."

"घाबरलो होतो."

"कुणाला?"

"तुला," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "लग्नाआधी एकदा... तेव्हाचंच असेल. त्यानंतर कुणी नाही. शपथ."

"शपथ घालू नकोस. मला तुझं आधीचं आणि नंतरचं काही नकोय. तुझ्या आईनं माझा पेला बाजूला काढला तेव्हा तू पेपर वाचत होतास. ते बोल."

त्यानं ओला पंचा घट्ट धरला. खड्डा आला. तिनं चुकवला नाही.

डॉक्टरीणबाईनं जखम धुतली, पट्टी केली. "हे तळपायाच्या जाड कातडीचं औषध आहे," ती त्याला म्हणाली, "आणखी दोनदा लावलं असतं तर तुम्हाला नवी कातडी लावायला सर्जनकडे पाठवावं लागलं असतं." जखम भरल्यावर त्याच्या चामखिळींवर उपचार करू म्हणाली. मग ब्रेकमॅडमकडे वळली. "तरीही, यांच्याकडूनच आलं असं मी म्हणणार नाही. यांना आधी दिसल्या, एवढंच."

"मला ते नकोच आहे," ती म्हणाली. "यांना माहीत होतं, एवढं लिहा."

"त्याला केसपेपरवर रकाना नसतो हो," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली.

घरी सासूबाई दारातच उभ्या. मुलगा पाय फाकवून चालतोय बघून त्यांचा धीर सुटला. "काय झालं रे?"

"सांगता, की मी सांगू?" ती म्हणाली. लोकांसमोर अहो-जाहो परत आलं होतं, पण त्याला आता धार होती.

त्यानं सांगितलं. भिंतीकडे बघत, चार वाक्यांत. सासूबाई खुर्चीत बसल्या. पदर सावरला. मग म्हणाल्या, "पुरुषमाणसाला होतं कधी कधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा पेला काही वेगळा निघाला नाही. मुलाचा टॉवेल जागच्या जागी. ब्रेकमॅडम फळीसमोर उभी राहिली, टोकाचा पेला उचलला, त्यात पाणी घेऊन सासूबाईंच्या समोर घटाघटा प्याली. मग बाकीचे पाचही पेले काढले, सगळे एकत्र विसळले आणि फळीवर वाटेल तसे मांडले.

"आता ओळखा कुठला कुणाचा," ती म्हणाली आणि कामावर गेली. सासूबाई दोन दिवस ओंजळीनं पाणी प्यायल्या. तिसऱ्या दिवशी कंटाळल्या.

क्रीम पुन्हा सुरू झालं होतं. दहाव्या, अकराव्या आठवड्यात जळजळ तशीच, पण आरशात आता फरक दिसायला लागला. तुरा सुकून गळून पडला. बारीक कण्या विरघळल्यासारख्या गेल्या. मागच्या दोघी चिवट निघाल्या. त्या चौदाव्या आठवड्यापर्यंत टिकून राहिल्या. मग एके दिवशी आरशात फक्त गुलाबी, नवी कातडी दिसली. उकिडव्या अवस्थेत तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, तरी ती जरा वेळ तशीच बसून राहिली. कुणाचीही मदत झाली नव्हती. जे काही लढलं ते तिच्याच अंगात होतं, आणि ते इतका काळ झोपलेलं होतं याचा तिला राग आला.

गर्भाशयाच्या मुखाची तपासणी ठीक निघाली. दवाखान्याच्या जिन्यातूनच तिनं मुलीला फोन लावला. "या व्हायरसची लस असते. घेतलीस का तू?"

"कसली लस? आई, मी वर्गात आहे."

"मग बाहेर ये. तारीख घे आणि मला कळव."

"पण झालंय काय?"

"सुट्टीत आलीस की सगळं सांगते. काही झाकायचं नाही या घरात, आता नाही."

तीन महिन्यांनी एक चामखीळ परत उगवली. डॉक्टरीणबाईनं तसं आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं शिव्या घातल्या, पुड्या आणल्या, आणि पाच आठवड्यांत तीही गेली. नवऱ्याच्या गोठवून काढल्या. प्रत्येक फेरीला तो एकटा गेला, बसनं.

तो अजून बाहेरच्या खोलीत झोपतो. बोलणं चालू आहे: गॅस संपला, पाणी आलं, मुलीचा फोन होता. मधे एकदा त्यानं दाराशी उभं राहून विचारलं, "आता आत येऊ का?" ती म्हणाली, "नाही," आणि त्यानं कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तिनं सांगितलं असतं. पण त्याचा स्वभाव विचारण्याचा नाही, तिचा न विचारता सांगण्याचा राहिला नाही.

परवा रविवारी मात्र त्यानं चहा ठेवताना विषय काढला. दुकान नव्या जागी हलवायचंय, लांब आहे. गाडी शिकावी म्हणतो. "शिकवशील?"

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. हा माणूस शेजारी, बंद गाडीत, रोज एक तास. आणि पायाखाली तिचा ब्रेक. क्षणभर तिला मोह झाला.

"शाळेत नाव घाला," ती म्हणाली. "दुसरे एक सर आहेत. फार खोकतात, पण माणूस शांत आहे. तुम्हाला झेपेल."